कंपनीत बायका आहेत, पण कोणकोणत्या? सोलापुरातल्या स्टार्टअपसाठी पायरीवार मार्गदर्शक

आठ मार्चला सोलापुरातल्या कुठल्याही नव्या कंपनीचं इन्स्टाग्राम उघडा. फुगे, गुलाब, केक आणि एकाच रंगाच्या कपड्यांतल्या पाच-सहा जणी. एचआर, अकाउंट्स, एखादी डेव्हलपर, मालकाची बायको. मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालून, बारकोड चिकटवून खोकी भरणाऱ्या बायका त्या फोटोत नसतात. का नाहीत, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "त्या ठेकेदाराच्या आहेत."

मी इथल्या छोट्या कंपन्यांची पगारपत्रकं आणि कामगार कायद्याची कागदपत्रं सांभाळते. "आम्हाला डायव्हर्सिटीसाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू?" असं विचारणारे तरुण मालक हल्ली भेटतात आणि मला ते आवडतं. फक्त त्यांच्या डोक्यातली बाई ठरलेली असते. ती इंजिनिअर झालेली, इंग्रजी बोलणारी, स्वतःच्या स्कूटीवर येणारी, घरून पाठिंबा असलेली. तिची सोय झाली की स्त्रीवाद झाला. माझा सल्ला उलट्या बाजूने सुरू होतो. कंपनीत सगळ्यात कमी पगार, सगळ्यात लांबचा रस्ता आणि सगळ्यात कमी ओळखी जिच्या वाट्याला आहेत, तिच्यापासून सुरुवात करा. तिला परवडेल अशी व्यवस्था इंजिनिअर मुलीलाही चालते. इंजिनिअर मुलीला डोळ्यांसमोर ठेवून केलेली व्यवस्था मात्र पॅकिंगच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

सोलापुरात तर हे समजायला अवघड जाऊ नये. या शहरात बाईने कमावणं ही नवलाई कधीच नव्हती. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या, युनिफॉर्मच्या शिलाईत बसणाऱ्या बायकांवर इथली कितीतरी घरं चालली. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी सुमारे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती युनियनच्या लढ्यातून. नंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली १५,००० घरं ताब्यात दिली गेली. अशा गावात एखादा संस्थापक स्टेजवरून "बायकांना घराबाहेर काढायचंय" म्हणतो, तेव्हा मला त्याला हळूच विचारावंसं वाटतं की तू कोणाच्या घराबद्दल बोलतोयस?

सगळ्या बायकांना एकाच रकान्यात टाकू नका, हा विचार अमेरिकेतून आणलेला आहे, असंही ऐकू येतं. तिकडचं उदाहरण आहेच आणि ते थेट नोकरीतलं आहे. जनरल मोटर्सवर काही काळ्या महिलांनी दावा केला होता. कंपनीत बायका होत्या, पण गोऱ्या आणि ऑफिसात. काळी माणसंही होती, पण पुरुष आणि कारखान्यात. म्हणजे ना बायकांशी भेदभाव झाला ना काळ्यांशी, असं म्हणत १९७६ मध्ये कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. दोन्ही रकाने भरलेले आणि काळ्या बायका मात्र दोन्हींतून निसटलेल्या. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये या निकालावर बोट ठेवून 'इंटरसेक्शनॅलिटी'ची मांडणी केली: वंशाचा आणि बाई असण्याचा भेद एकाच बाईवर एकत्र येतो, वेगवेगळा मोजला की तो दिसत नाही. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि त्यात बाळंत होताना डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या बायकांचे हाल मांडले. 'स्त्रियांचं दुःख' अशी सरसकट मोट बांधली की कोण बाहेर राहतं, ते तिला शाळकरी वयात कळलं होतं. तेव्हा हे आपलंच आहे, बिनदिक्कत वापरा.

पायरी १: धोरण नंतर, आधी वही

"आमच्याकडे चाळीस टक्के महिला आहेत" हा आकडा माझ्या लेखी जवळजवळ निरुपयोगी. त्याऐवजी एक वही घ्या आणि कंपनीसाठी राबणारा प्रत्येक माणूस तिच्यात लिहा. सफाईवाल्या मावशी, चहावाला, वॉचमन, इंटर्न, ठेकेदाराच्या बायका, घरी नेऊन शिवण करणाऱ्या, सगळे. मावशींचं पूर्ण नाव लिहा. ते कोणालाच माहीत नसेल तर तिथूनच काम सुरू झालं म्हणा. मग रकाने पाडा: काम काय, हातात किती पडतात, पटावर की ठेक्यावर की रोजावर, राहायला कुठं, किती वाजता निघून कशाने येते, शेवटची पगारवाढ कधी, आणि कोणाच्या ओळखीने आली.

शेवटच्या रकान्याशी बहुतेक मालक अडखळतात. बारा जणांत आठ-नऊ जण एकाच कॉलेजचे, किंवा भावाचे मित्र, किंवा मित्राच्या बहिणी निघतात. "आम्ही जातबित बघत नाही" हे ते मनापासून म्हणतात. बघायची वेळच येत नाही, कारण ओळखीच्या वाटेने येणारा बहुधा आपल्यातलाच असतो.

जात, धर्म, अपंगत्व याची नोंद घ्यायची का? छोट्या कंपनीत नको. पंचवीस माणसांत निनावी फॉर्म निनावी राहत नाही. 'महिला, मुस्लिम, डिस्पॅच' एवढं वाचलं की सगळ्यांना नाव कळतं. माणसांची जात मोजण्याऐवजी ती कोणत्या वाटेने आली ते मोजा. शंभर-दोनशे माणसांची कंपनी झाली की बाहेरच्या माणसाकरवी, ऐच्छिक आणि कारण सांगून विचारता येईल.

पायरी २: भरतीची वाट रुंद करा

बहुतेकांची भरती वालचंदचं कॅम्पस, लिंक्डइन आणि "कोणी ओळखीचं असेल तर सांगा" या तिन्हीत आटोपते. त्यात चौथी वाट जोडा. जाहिरातीचा एक पानी कागद मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत काढा. विडी घरकुल, अशोक चौक, नई जिंदगी, शेळगी इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत, अभ्यासिकांत, अंगणवाडीत, बचत गटांच्या बैठकीत द्या. आयटीआय आणि पॉलिटेक्निकला कळवा. वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक मिनिटाचा व्हॉट्सअॅप ऑडिओ करा, तो कागदापेक्षा लांब जातो.

कागदावर तीन गोष्टी हव्यातच: पगार किती ते किती, कामाची वेळ, आणि ऑफिसला पोचायचं कसं. "पगार मुलाखतीनंतर ठरेल" लिहिलं की जिला घासाघीस करायची सवय नाही ती कमी मागते आणि तुम्ही कमी देता. त्या फरकाला पुढे कोणी भेदभाव म्हणत नाही, पण तो पगारपत्रकात वर्षानुवर्षं राहतो. मी अशी पगारपत्रकं रोज बघते.

'उत्तम इंग्रजी आवश्यक' ही ओळ खरंच लागते का ते बघा. कोडची कागदपत्रं वाचता येणं वेगळं आणि फाडफाड बोलणं वेगळं. चादरी-टॉवेलचा ऑनलाइन धंदा असेल तर हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूरचे घाऊक व्यापारी हे तुमचं गिऱ्हाईक. त्यांच्याशी घरच्या तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलणारी मुलगी विक्रीला सोन्यासारखी आहे. ती भाषा बायोडेटात 'मातृभाषा' म्हणून पडून राहते. तिला कौशल्य म्हणून गुण द्या आणि पैसेही द्या.

आता मुलाखत. मी ज्या मुलाखतींना बसले आहे, त्यांत हा संवाद थोड्याफार फरकाने ऐकलाय.

"गाव कुठलं?"
"मोहोळ तालुका, सर."
"तालुक्यात कुठं?"
ती गावाचं नाव सांगते.
"हां. गावातच, का..."

वाक्य इथंच सोडतात. पुढचं विचारणाऱ्यालाही कळतं आणि तिलाही. ती क्षणभर टेबलाकडे बघते आणि "हो, गावातच" म्हणते, किंवा खरं ते सांगते. मुलाखतीच्या कागदावर यातलं काही उतरत नाही, आणि नंतर "कल्चर फिट वाटली नाही" असा शेरा पडतो.

यावर उपाय साधा आहे: प्रश्न आधी छापून घ्या, सगळ्यांना तेच विचारा, आणि गाव, आडनाव, लग्न, मुलं, "सासरचे काय म्हणतील" यांतला एकही प्रश्न त्यात नको. फॉर्मवरचा 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकाना आणि कुमारी-सौभाग्यवतीची खूण काढा. टाकलेली, विधवा, एकटी राहणारी, पालकांशी संबंध तुटलेली तृतीयपंथी व्यक्ती, या सगळ्यांना तो रकाना दारातच अडवतो. पीएफसारख्या कागदांना जे लागेल ते निवड झाल्यावर घ्या. आणि बोलण्यापेक्षा काम बघा. अर्ध्या तासाचा खरा नमुना द्या: एक बिल तपासा, एका चिडलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर लिहा, हा कोडचा तुकडा दुरुस्त करा. शक्य असेल तर नावं झाकून तपासा. बाळंतपणात किंवा आजारी सासूच्या सेवेत गेलेली तीन वर्षं बायोडेटात दिसली तर "मधे काय केलं?" असं दरडावून विचारू नका.

पायरी ३: घड्याळ, बस आणि पाणी

स्टार्टअपची एक लाडकी सवय म्हणजे संध्याकाळी सातला 'पटकन एक मीटिंग'. बाइकवाल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर उतरणाऱ्या मुलीची मात्र एसटी चुकते, आणि दोन-तीनदा चुकली की घरचे नोकरी सोडायला लावतात. शहरातल्या शहरातही सिटी बसच्या भरवशावर राहता येत नाही, शेअर रिक्षाच बघावी लागते. म्हणून निर्णय होणारी प्रत्येक मीटिंग अकरा ते चारच्या मधेच ठेवा, हा माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक सल्ला आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. परदेशी गिऱ्हाइकांची सपोर्ट शिफ्ट चालवणाऱ्यांनी "सगळ्यांनी सही केलीय" एवढ्यावर समाधान मानू नये. नाही म्हणणारीला दिवसाची शिफ्ट मिळते का, ते बघा. मिळत नसेल तर त्या सहीला संमती म्हणवत नाही. घरी सोडणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडते की दारापर्यंत, हेही विचारा.

आणि पाणी. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी आणि त्याची बदलती वेळ यावर इथल्या कित्येक घरांची घडी बसलेली आहे. पाण्याच्या दिवशी पिंप, टाकी, कळशा भरून निघायचं म्हणजे उशीर होणारच, आणि तो बहुतेक घरांत बाईलाच होतो. हजेरीच्या मशीनवर ती 'लेट' दिसते. तीन लेटला अर्धा दिवस कापायचा नियम असेल तर तुम्ही पाणी भरल्याचा दंड वसूल करताय. महिन्यातून ठरावीक दिवस दोन तास उशिरा यायची मुभा सगळ्यांना द्या, पुरुषांनाही. कदाचित एखाद्या घरातला पुरुषही हंडा उचलेल.

पायरी ४: पगार, शेअर आणि सही

पगारपत्रक पुढ्यात घ्या आणि एकच काम करणाऱ्यांच्या जोड्या लावा. पुरुष हेल्परला रोज जास्त आणि बाईला कमी असेल तर "तो जड खोकी उचलतो" हे कारण तपासा. दिवसातून किती उचलतो? बाकीचा वेळ दोघं तेच काम करतात ना? समान कामाला समान वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे. ठेकेदाराला किती देता आणि बाईच्या हातात किती पडतात, हा हिशेब दर महिन्याला मागा. तो द्यायला कां-कूं करत असेल तर ठेकेदार बदला. पगार बँकेत जात असेल तर खातं तिचंच आहे ना, आणि एटीएम कार्ड कोणाकडे असतं, हे कोणीतरी विश्वासातल्या बाईने विचारावं.

आता शेअर. स्टार्टअपमध्ये खरा पैसा पगारात नसतो, हिश्शात असतो. पहिल्या पाच-सहा माणसांना शेअर मिळतात आणि ती माणसं बहुधा हॉस्टेलचे मित्र असतात. पहिल्या दिवसापासून ऑर्डरी सांभाळणारी, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणारी बाई 'ऑपरेशन्स' म्हणून पगारावर राहते. कर्मचाऱ्यांना हिस्सा द्यायची योजना करताना पदापेक्षा किती वर्षं आणि कोणत्या अडचणीच्या काळात सोबत होती ते बघा, आणि ती योजना मराठीत समजावून सांगा. शेअर म्हणजे काय, ते कधी विकता येतात, नोकरी सोडली तर काय होतं. न समजलेला कागद हाती असून नसल्यासारखा.

याच पायरीवर एक अवघड विषय आहे: कागदोपत्री डायरेक्टर. राज्य सरकारने २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आणली. १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंत मदत, कंपनीत महिलेचा किमान ५१ टक्के हिस्सा, आणि तरतुदीतला २५ टक्के भाग मागासवर्गीय महिलांसाठी. योजना चांगली आहे. पण अशी योजना आली की बायकोला, आईला, वहिनीला रातोरात डायरेक्टर करणारे फोन मला येऊ लागतात. अशा वेळी मी तीनच गोष्टी विचारते. बँकेत सही कोणाची? ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? आणि गेल्या महिन्यात तिने कोणत्या गोष्टीला नाही म्हटलं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा हसू येतं समोरून. तुमच्या घरातली बाई खरंच धंद्यात असेल तर ओटीपी तिच्या फोनवर घ्या, सीएबरोबरच्या बैठकीला तिला बसवा, आणि कर्जाला सही करायच्या आधी बुडालं तर तिच्यावर काय येईल ते तिला स्वतंत्रपणे समजावून सांगायला दुसरा माणूस बोलवा.

पायरी ५: जागा

यावर फार लिहीत नाही. संडासाला आतून लागणारी कडी, पाणी, झाकणाची बादली. किल्ली मालकाच्या टेबलावर नको. पॅकिंगच्या बायकांना तोच संडास वापरता यावा, वेगळा 'स्टाफसाठी' नको. छोट्या ऑफिसात एक खोलीवजा संडास 'सर्वांसाठी' अशी पाटी लावून मोकळा ठेवला की तृतीयपंथी कर्मचाऱ्याचा प्रश्नही सुटतो. पगारपत्रकावरचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असेल तर ओळखपत्रावर हाकेचं नाव छापा. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. नवी पेठेतल्या अरुंद जिन्यावरचं ऑफिस घेताना कुबडी घेऊन कोण चढू शकेल, हे भाडं ठरवायच्या आधी बघा. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हा कायदा आहे. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर ती मिळते. "ती कंत्राटी आहे" म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही.

पायरी ६: तक्रार कुठं करायची

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बहुतेकांना 'पॉश' म्हणून माहीत आहे. तो आला सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालातून, १९९७ च्या. आणि तो खटला उभा राहिला राजस्थानातल्या भंवरीदेवींमुळे. त्या सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या, कुंभार समाजातल्या खेड्यातल्या बाई. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आज काचेच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीला जे संरक्षण आहे, ते अशा बाईच्या झगड्यातून आलंय. म्हणून या कायद्याखालच्या तक्रार समितीची पाटी फक्त काचेच्या खोलीत लागलेली दिसली की मला राग येतो.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरची सदस्य, आणि निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. बाहेरची सदस्य म्हणून मालकाची मावशी किंवा सीएची मिसेस नेमलेली मी बघितली आहे. तसं करू नका. कामगार बायकांत किंवा कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नावर काम केलेली, शक्यतो तेलुगू किंवा उर्दू समजणारी बाई शोधा आणि तिला मानधन द्या. कर्मचाऱ्यांतल्या दोन सदस्यांत एक पॅकिंग किंवा हाऊसकीपिंगमधली असू द्या.

कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, बिनपगारी इंटर्नसुद्धा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, आणि तेवढ्यावर थांबू नका. वर्षातून दोनदा कामाच्या वेळेत, पगारी तासात, पुरुषांना बाहेर काढून, समितीतल्या बाईने ते वाचून दाखवावं. प्रश्न तिथंच निघतात. "ठेकेदाराच्या पोराने केलं तर चालतंय का तक्रार?" हा हमखास येणारा प्रश्न. उत्तर: हो.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. सरकारचं शी-बॉक्स हे ऑनलाइन पोर्टलही आहे. हे मालकानेच सांगायचं आहे. होय, स्वतःविरुद्ध कुठं जायचं तेही. ज्या ऑफिसात मालक हे स्वतःच्या तोंडाने सांगतो, तिथं बायका लहान गोष्टीही वेळेत बोलतात, असा माझा अनुभव आहे.

एक फट राहते. जातीवरून टोमणा, बुरख्यावरून चेष्टा, तेलुगू उच्चारांची नक्कल हे सगळं पॉशच्या चौकटीत बसतंच असं नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या कोणाचा जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण प्रत्येक गोष्ट पोलीस ठाण्यात जाण्याआधी कंपनीत ऐकून घेतली जावी. म्हणून कंपनीचा स्वतःचा एक पानी नियम करा: जात, धर्म, भाषा, अपंगत्व, लिंगओळख यावरून केलेलं बोलणं हे गैरवर्तन, त्याची तक्रारही याच दारात, आणि निर्णय किती दिवसांत ते लिहिलेलं.

पायरी ७: डबा, सण आणि हळदीकुंकू

संक्रांतीला एका ऑफिसात हळदीकुंकू होतं. तिळगूळ, वाणाला स्टीलचे डबे, सगळ्या जणी नटून आलेल्या. पॅकिंगमधल्या एक बाई विधवा. कोणी त्यांना "येऊ नका" म्हटलं नव्हतं. त्या स्वतःच म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या, माझी एवढी खोकी राहिलीत," आणि दाराच्या आड टेपचा आवाज करत राहिल्या. दोन मुस्लिम मुली त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कार्यक्रमाचा फोटो 'विमेन ॲट वर्क' म्हणून टाकला गेला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो बाकी गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्यामागे पाठपुरावा होता आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचा. ग्रामपंचायतीला जमतं ते आयटी कंपनीला जमू नये? संक्रांतीला तिळगूळ सगळ्यांना, पुरुषांनाही, आणि वाण द्यायचंच तर कुंकवाशिवाय. घरी ज्याला जे करायचं ते करू दे. ऑफिसात बाईची किंमत नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरू नये.

सुट्ट्यांच्या यादीचंही असंच. या शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे एकत्र उभे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. तरी कंपन्यांची यादी बघावी तर एकाच घरच्या कॅलेंडरवरून काढल्यासारखी. सक्तीच्या राष्ट्रीय सुट्ट्या ठेवा, आणि बाकीच्यांतल्या चार-पाच ज्याने त्याने निवडाव्यात. कोणाला गड्ड्याची यात्रा, कोणाला ईद, कोणाला १४ एप्रिलला जोडून आणखी एक दिवस, कोणाला नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ. रमजानमध्ये संध्याकाळी लवकर सोडा आणि तो वेळ सकाळी घ्या.

डब्याबाबत मी कडक आहे. 'ऑफिसात फक्त शाकाहार' ही पाटी स्वच्छतेची वाटते, पण ती काही घरांना सांगते की तुमचं जेवण इथं चालत नाही. वासाची अडचण असेल तर खिडकी असलेली जागा द्या, एक्झॉस्ट बसवा. जेवणाची सुट्टी पॅकिंगची आणि ऑफिसची एकाच वेळी ठेवा, एकाच टेबलावर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी निघाली की पुढचं आपोआप होतं, त्यासाठी टीम बिल्डिंगवाला बोलवावा लागत नाही.

पायरी ८: पुरुष आणि 'मेरिट'

कोणीतरी म्हणेलच: "मग मेरिटचं काय?" त्याला पायरी एकची वही दाखवा, ओळखीचा रकाना. एवढं पुरतं.

पुरुषांना या कामात प्रेक्षक म्हणून बसवू नका. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायची कायद्याने सक्ती नाही, तरी पंधरा दिवस पगारी द्या आणि ती घेतलीच पाहिजे असा नियम करा. मीटिंगची टिपणं काढणं, केक मागवणं, नव्या माणसाला जेवायला नेणं ही कामं पाळीपाळीने लावा, नाहीतर ती कोणाकडे जातात ते सांगायला नको. महिला दिनाचा वक्ता ठरवायची जबाबदारी मात्र पुरुषांकडे नको, आणि वक्ता पुण्याहून आणायचीही गरज नाही. विडी कामगार युनियनमधल्या एखाद्या जुन्या कार्यकर्तीला बोलवा. मजुरीची बोलणी कशी करायची यावर तिच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही, फक्त मालकाची तयारी हवी.

पायरी ९: सोडून गेलेल्यांना फोन

सहा महिन्यांनी वही पुन्हा काढा. या वेळी आतल्यांपेक्षा गेलेल्यांची नावं आधी लिहा. राजीनाम्यात सगळ्यांचं कारण 'घरगुती अडचण' असतं. ते खरं मानून मोकळं होऊ नका.

दोन-तीन महिने गेल्यावर फोन करा. मालकाने नाही, त्यांच्या वरिष्ठानेही नाही. समितीतली बाहेरची बाई सगळ्यात बरी. फोन दुपारी करा, घरात माणसं कमी असताना, आणि ज्या भाषेत ती मोकळी बोलते त्या भाषेत. अनुभवाचा दाखला आणि उरलेला पगार मिळाला का, हे आधी विचारा. मिळाला नसेल तर तो त्याच आठवड्यात द्या आणि बाकीचे प्रश्न त्यानंतरच. मग तीनच प्रश्न: कोणत्या दिवशी सोडायचं पक्कं केलं, त्या दिवशी काय झालं, आणि तुमच्या बहिणीला इथं पाठवाल का. उत्तरं आहेत त्या शब्दांत लिहून घ्या, नाव न टाकता मालकाला वाचून दाखवा, आणि ज्या पायरीशी त्यांचा संबंध लागतो तिथून काम पुन्हा सुरू करा.